वेंबनाडच्या पाण्यावर एक मुक्काम

शहरांतील कुटुंबाला शनिवार-रविवारची सुटी एकत्र मिळणें ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. आणि ती मिळालीच तर कोठें घालवावी या वादांत तिचा अर्धा आनंद निघून जातो. डोंगरावर जावें तर तेथें शहर आधींच येऊन बसलेलें असतें. समुद्रकांठीं जावें तर वाळूवर पाय ठेवावयास जागा नसते. अशा वेळीं घरांतील कोणी तरी नौकेंतील मुक्कामाची कल्पना काढतो. एक दिवस व एक रात्र पाण्यावर काढावी, मोटारीचा कर्णा कानीं पडूं नये, दाराची घंटा वाजूं नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. कल्पना चांगली आहे. परंतु तिची आखणी बहुधा भलत्याच टोकापासून सुरू होते. नौका केवढी, खोल्या किती, जेवणांत काय मिळेल, भाडें काय पडेल, हे प्रश्न आधीं विचारले जातात. रात्रीं नौका कोठें बांधली जाईल, हा प्रश्न कोणास सुचतच नाहीं. वास्तविक साऱ्या सहलीचें सुखदुःख या एका प्रश्नावर अवलंबून असतें.

हें कसें, तें समजण्यासाठीं केरळांतील वेंबनाड सरोवराचें उदाहरण घेण्यासारखें आहे. भारतांतील हें सर्वांत लांब सरोवर; त्याची लांबी सुमारें ९६ किलोमीटर भरते. पंबा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल या नद्या त्याला येऊन मिळतात आणि कोचीजवळ त्याचें पाणी समुद्रास मिळतें. सरोवराच्या दक्षिण अंगास कुट्टनाड नांवाचा सखल प्रदेश पसरला आहे. येथील भातशेतें समुद्रसपाटीच्या खालीं, कोठें कोठें दोन मीटरपर्यंत खोल आहेत. मातीचे बांध घालून व आंतील पाणी उपसून हीं शेतें पिढ्यान्‌पिढ्या राखलीं गेलीं. चित्तिरा, मार्तांडम् आणि राणी या नांवांचीं विस्तीर्ण शेतें १९४० नंतरच्या दशकांत, धान्यटंचाईच्या काळांत, प्रत्यक्ष सरोवराच्या पोटांतून काढण्यांत आलीं. या शेतीपद्धतीला २०१३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें जगाच्या कृषिवारशांत स्थान दिलें. नौकेंत बसून जाणाऱ्यास येथें एक विलक्षण दृश्य दिसतें. नौका उंचावरून चाललेली असते, आणि बांधापलीकडचें हिरवें शेत व त्यांत उभे असलेले बगळे तिच्या पातळीच्या खालीं असतात. कोकणांतील खाजणांचे बांध ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाहीं; प्रमाण मात्र कितीतरी मोठें आहे.

या प्रदेशाचें मुख्य द्वार म्हणजे आलेप्पी हें शहर. आतां त्याचें अधिकृत नांव आलप्पुळा असें आहे. समजा, दादरच्या एखाद्या कुटुंबानें तेथें जाण्याचें ठरविलें. घरांत नवराबायको, सत्तरी ओलांडलेल्या आजी, अकरा वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा, अशीं पांच माणसें आहेत. मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या मार्गानें आलेप्पीवरून तिरुवनंतपुरमकडे जाते, आणि ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठीं तो प्रवास स्वतःच एक सहल आहे. परंतु वाटेंत एक रात्र व वर बराच दिवस जात असल्यामुळें दोन दिवसांच्या सुटींत तो बसत नाहीं. सोमवारीं सकाळीं ज्यांना कचेरी गांठावयाची आहे त्यांनीं शुक्रवारीं रात्रीं विमानानें कोचीस जावें व तेथेंच झोपावें. कोचीच्या विमानतळापासून आलेप्पी सुमारें ८० किलोमीटर आहे. शनिवारीं सकाळीं न्याहारी उरकून निघालें तरी दुपारीं बाराच्या आंत धक्क्यावर पोहोंचतां येतें, आणि रविवारीं सकाळीं नौका सोडल्यावर संध्याकाळचें विमान गांठण्यास धांवपळ होत नाहीं.

ज्या नौकेंत हा मुक्काम होतो तिचें मूळ नांव केट्टुवळ्ळम्. मल्याळम् भाषेंत केट्टु म्हणजे बांधणें व वळ्ळम् म्हणजे नौका. फणसाच्या जातीच्या आंजिली नांवाच्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवून, एकही खिळा न मारतां, हिचें अंग तयार करीत. सांध्यांत काथ्या ठासून भरीत आणि वरून काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेलें काळें रोगण चढवीत. कुट्टनाडचा तांदूळ बाजारांत नेण्याचें काम या नौका करीत. मोठ्या नौकेंत ३० टनांपर्यंत माल मावे आणि लांब बांबूनें तळ रेटीत दोघेतिघे गडी ती चालवीत. पुढें पूल झाले, रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि या नौका किनाऱ्याला पडून राहिल्या. १९९० नंतरच्या दशकांत त्यांवर बांबूच्या चटयांचीं छपरें, निजावयाच्या खोल्या व स्नानगृहें चढवून त्यांच्या हाऊसबोटी करण्यांत आल्या. आतां अशा शेंकडों हाऊसबोटी आलेप्पीच्या पाण्यावर आहेत. त्यांतील पुष्कळशा मुद्दाम प्रवाशांसाठींच बांधलेल्या असून कांहीं दोनमजलीही आहेत. शांततेच्या शोधांत निघालेल्या कुटुंबानें दोनमजली नौकेचा मोह टाळावा. ती मोठ्या मेळाव्यांसाठीं असते, आणि मेळावा आला कीं गाणेंबजावणें आलेंच. पांच माणसांस दोन खोल्यांची एकमजली नौका पुरते.

आतां या मुक्कामाचें वेळापत्रक पाहूं गेल्यास मूळ प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येतें. सर्वसाधारणपणें दुपारीं बाराला नौका सुटते. एकच्या सुमारास ती कोठें तरी कांठाला लावून जेवण होतें, तासाभरानें ती पुन्हां निघते, आणि साडेपांचला थांबते ती रात्रभरासाठीं. दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं सुटून ती नऊला धक्क्यावर परत येते. बारा ते नऊ हे एकवीस तास. त्यांपैकीं नौका चालते ती फार तर साडेपांच-सहा तास. उरलेले पंधरा तास ती एका जागीं बांधलेली असते. म्हणजे ज्याला लोक जलप्रवास म्हणतात त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग हा मुक्काम असतो. दिवसा नौका कोणत्याही रम्य कालव्यांतून गेली, तरी रात्रीं ती दुसऱ्या वीस नौकांच्या रांगेंत, यंत्रांच्या घरघराटांत उभी राहिली, तर आजींना झोप लागत नाहीं, मुलें चिडचिड करतात, आणि घरीं परतल्यावर सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

साडेपांचला नौका कां थांबतात, हेंही प्रवाशानें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांना हा नियम जाचक वाटतो. चांदणें पडलेलें असावें व नौका पाण्यावरून तरंगत जावी, असें चित्र मनाशीं रंगवून ते आलेले असतात, आणि दिवेलागणीच्या आधींच दोर बांधलेले पाहून त्यांची निराशा होते. या नियमामागें येथील कोळी बांधव आहेत. सूर्यास्तानंतर हें सरोवर त्यांचें असतें. लहान होड्यांतून ते जाळीं पसरतात, पहाटे तीं उचलतात. यंत्राचा पंखा फिरवीत एखादी हाऊसबोट रात्रीं त्यांतून गेली तर जाळें फाटतें, आणि अंधारांतून मंद दिव्यानें जाणारी होडी सारंगाला दिसेलच असें नाहीं. येथील करिमीन हा प्रसिद्ध मासा कोंकण-गोव्याच्या लोकांना काळुंदर या नांवानें ठाऊक आहे. दुपारच्या पानांत तो वाढला जातो, आणि रात्रीं नौकेनें स्वस्थ उभें राहावयाचें तें तो पकडणाऱ्यांसाठीं. ज्याला हें उमगलें त्याला थांबलेल्या नौकेबद्दल तक्रार उरत नाहीं. प्रवासी जी शांतता भाड्यानें घेऊं पाहतो, ती कोणाच्या तरी कामाची वेळ आहे.

मग नौका बांधावी कोठें? आलेप्पीच्या मुख्य धक्क्याजवळचें पुन्नमडा सरोवर हें सर्वांत गजबजलेलें पाणी. नौकांच्या शर्यतींचें हें ठिकाण. १९५२ सालीं पंडित नेहरूंच्या भेटीप्रीत्यर्थ येथें सर्पनौकांची शर्यत झाली आणि तिच्यापासून नेहरू करंडकाची वार्षिक परंपरा सुरू झाली. शर्यतीचा दिवस पाहण्यासारखा खरा, पण निवांतपणा हवा असेल त्यानें तो आठवडा टाळावा. एरव्हींही संध्याकाळीं पुष्कळशा नौका धक्क्यापासून फार दूर न जातां याच भागांत परततात, कारण तेलाचा खर्च वांचतो व सकाळीं प्रवासी लवकर उतरवितां येतात. यापेक्षां कैनकरी, नेडुमुडी, चंपक्कुळम् या गांवांच्या बाजूस, भातशेतांच्या बांधाला लागून, पुढेंमागें दुसरी नौका नसेल अशी जागा पाहावी. सहलीचा आरंभ आलेप्पीहूनच केला पाहिजे असेंही नाहीं. सरोवराच्या पूर्व कांठावरील कुमरकम् अथवा पश्चिम कांठावरील मुहम्मा येथूनही नौका मिळतात. मुहम्म्यासमोर पातिरामणल नांवाचें निर्मनुष्य, झाडीनें भरलेलें बेट असून पक्ष्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे.

दादरच्या त्या कुटुंबांतील गृहिणीनें नौकेच्या मालकाला दूरध्वनीवरून विचारलें, “रात्रीं नौका कोठें बांधणार?” तर पहिलें उत्तर येईल, “चांगल्या जागीं, बाई.” तेवढ्यावर तिनें समाधान मानूं नये. गांवाचें नांव विचारावें. तेथें आणखी किती नौका असतात, तें विचारावें. दिवे व हवा थंड करण्याचें यंत्र यांसाठीं वीज कोठून घेतली जाते, हा तिसरा प्रश्न. बहुतेक नौकांवर तेलावर चालणारें जनित्र असतें व रात्रीं नऊपासून सकाळीं सहापर्यंत तें चालूं ठेवतात. स्वतःचें जनित्र स्वतःला फारसें ऐकूं आलें नाहीं तरी शेजाऱ्याचें येतें. डिसेंबर-जानेवारींत उघड्या खिडकीशीं मच्छरदाणी व पंखा पुरतो. यंत्र बंद ठेवावें, एवढी एक सूचना आधीं दिली तर भाडेंही कांहीं उतरण्याचा संभव असतो. शेवटचा प्रश्न शनिवारचा. शुक्रवारची रजा मिळत असेल तर मुक्कामाची रात्र शुक्रवारची ठेवावी व शनिवार-रविवार कोचींत आरामांत काढावे; शनिवारच्या रात्रीं पाण्यावर जेवढी गर्दी असते तेवढी शुक्रवारीं नसते.

ऋतूचा विचारही मुक्कामाच्या जागेशीं निगडित आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत परतीचा पाऊस. या दिवसांत कुट्टनाडचें पाणी चढतें. ऑगस्ट २०१८ च्या महापुरांत येथील बांध फुटले, शेतें बुडालीं आणि गांवेंच्या गांवें रिकामीं करावीं लागलीं. लोकांना आलेप्पीस हलविण्यासाठीं हाऊसबोटींचाही उपयोग झाला. तेव्हां प्रथमच जाणाऱ्या कुटुंबानें डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मात्र त्या काळांतील एक गोष्ट डोळ्याआड होऊं देऊं नये. सरोवराच्या मध्यावर तण्णीरमुक्कम् येथें एक मोठा बंधारा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तो पुरा झाला. उन्हाळ्यांत समुद्राचें खारें पाणी शेतांत शिरूं नये व भाताचें पीक हातीं लागावें, म्हणून सामान्यतः डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत त्याचे दरवाजे बंद ठेवतात. पीक वांचतें, परंतु भरती-ओहोटीनें सरोवर जें रोज धुतलें जावयाचें तें त्या महिन्यांत बंधाऱ्याच्या दक्षिणेस धुतलें जात नाहीं. जलपर्णी माजते, माशांची ये-जा खुंटते. म्हणजे ज्या ऋतूंत प्रवासी सर्वांत अधिक येतात त्याच ऋतूंत पाणी सर्वांत अधिक साचलेलें असतें, आणि त्यांत पडलेली प्रत्येक वस्तु तेथेंच राहते.

वेंबनाडला २००२ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत स्थान मिळालें. पण यादीनें पाणी निवळत नाहीं. कांठावरील बायामाणसें याच पाण्यांत भांडीं घांसतात, कपडे धुतात, मुलें पोहतात. तळाचे काळे शिंपले बुडी मारून काढण्यावर कित्येक घरांची चूल पेटते. अशा पाण्यावर रात्र काढणाऱ्या नौकेचें सांडपाणी कोठें जातें, हें विचारणें ही चौकसपणाची बाब नसून साधी सभ्यता आहे. मैला सांठविण्याची टांकी नौकेंत आहे काय, ती कोठें रिकामी केली जाते, याचें उत्तर जो मालक अडखळत देतो त्याची नौका घेऊं नये. प्रवाशांनीं स्वतःपुरतें थोडें केलें तरी पुष्कळ होतें. पाण्यासाठीं घरचे तांबे व बाटल्या न्याव्या, साबण जपून वापरावा, आणि एकही कागद वा पिशवी काठावरून खालीं पडूं देऊं नये. शनिवारीं सोबत नेलेला कचरा रविवारीं सोबत आणावा.

जिवाच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर याहून आधींचा आहे. मुंबईच्या जुन्या लोकांच्या कानांवर ‘रामदास’ बोटीचें नांव अजून आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. शांत दिसणारें सरोवरही क्षमा करीत नाहीं. २७ जुलै २००२ रोजीं मुहम्म्याहून कुमरकमला जाणारी उतारूंची नौका याच वेंबनाडांत बुडून २९ जण दगावले. सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेल्या उमेदवारांची तींत दाटी झाली होती. ७ मे २०२३ रोजीं मलप्पुरम् जिल्ह्यांतील तानूर येथें, अंधार पडल्यावर प्रमाणाबाहेर माणसें घेऊन फिरणारी पर्यटकांची नौका उलटली व २२ जणांचे प्राण गेले. मृतांत मुलांची संख्या मोठी होती. या दोन्ही ठिकाणीं पाणी खवळलेलें नव्हतें. माणसें जास्त होतीं, एवढेंच.

म्हणून धक्क्यावर सामान चढविण्यापूर्वीं गृहस्थानें दहा मिनिटें काढावीं. नौकेची नोंदणी व तपासणीचा दाखला पाहण्यास मागावा. २०२१ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्यान्वयें तो असावयासच पाहिजे. किती माणसांची परवानगी आहे तें वाचावें. तरंगतीं जाकिटें फडताळांत बांधून ठेवलेलीं नसून हाताशीं आहेत, हें पाहावें. आणि पांच वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचें जाकीट तेथेंच अंगांत घालून पाहावें. मोठ्या माणसाचें जाकीट लहान मुलाच्या गळ्यांतून वर निघून येतें. तें नसल्यास तें मिळेपर्यंत नौका सोडूं देऊं नये. मालक कुरकुरला तरी हरकत नाहीं. सारंग, यंत्र सांभाळणारा व आचारी हे तिघे रात्रीं नौकेवरच निजणार ना, हेंही विचारून ठेवावें. कोकणपट्टीचा ‘सारंग’ हा शब्द तेथें ‘स्रांक’ या रूपांत चालतो, तेव्हां संबोधनापुरती तरी भाषेची अडचण येत नाहीं.

सर्वांत अधिक सावधगिरी लागते ती नौका बांधल्यानंतर. चालत्या नौकेंत मुलांवर सर्वांची नजर असते; दोर बांधले गेले कीं घरीं आल्यासारखें वाटूं लागतें आणि नजर ढिली पडते. नौका व बांध यांच्यामध्यें वीतभर वा हातभर काळें पाणी असतें, वर एक अरुंद फळी. पावसाच्या सरीनें ती ओली झालेली असते. आजींनीं ती दिवस मावळण्यापूर्वींच एकदां कोणाचा तरी हात धरून ओलांडून पाहावी, आणि अंधार पडल्यावर मुलांनीं तिच्यावर एकट्यानें पाऊल टाकूं नये, असा नियम आधींच करावा. प्रत्येकाच्या उशाशीं एक विजेरी असावी. पोहण्याचा मोह संध्याकाळीं तर नकोच. जलपर्णींत पाय गुंततात आणि तळाचा गाळ वरून दिसत नाहीं.

सामान जितकें थोडें तितका मुक्काम सुखाचा. सुती कपड्यांचे दोन जोड, पातळ चादर, डासांचें औषध, आजींच्या नेहमींच्या गोळ्या, मुलीसाठीं एक दुर्बीण व एक वही. याहून अधिक कांहीं लागत नाहीं. गाणीं वाजविणारीं यंत्रें घरीं ठेवावीं. पाण्यावरून आवाज फार दूर जातो, आणि पलीकडच्या बांधावरील झोंपडींत कोणी तरी पहाटे जाळें उचलावयास उठणार असतें. बांधाला लागून असलेल्या घरांचीं अंगणें हीं प्रदर्शनें नव्हेत. दात घांसणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, मुलाला न्हाऊं घालणाऱ्या माणसांचीं छायाचित्रें घेण्यापूर्वीं, दादरच्या आपल्या गॅलरीसमोर रोज एखादी नौका येऊन थांबली असती तर कसें वाटलें असतें, हा विचार प्रवाशानें करावा.

एवढी तयारी झाली म्हणजे पुढें करण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं, आणि तेंच या मुक्कामाचें सुख आहे. साडेपांचला यंत्र थांबतें. पहिला अर्धा तास शहरी माणूस बेचैन असतो; हातांनीं काय करावें तें त्याला कळत नाहीं. नवरा दोन वेळां घड्याळाकडे पाहतो. मुलें नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या घालून दमतात. मग हळूहळू ऐकूं येऊं लागतें. बांधापलीकडे बेडूक ओरडतात. दुरून देवळाची घंटा व तिच्याच मागोमाग चर्चची घंटा येते; कुट्टनाडांत दोन्ही शेजारीं नांदतात. नारळाच्या झावळ्यांची सळसळ वाढली कीं वारा फिरल्याचें कळतें. आचारी स्वयंपाकघरांत नारळ खवीत असतो. आजींना दादरच्या घरांतही रात्रीं दोनदां जाग येते, येथेंही येते. पण तेथें त्या उठून बसतात तेव्हां खालच्या रस्त्यावरील मोटारी मोजतात; येथें त्यांना वल्ह्याचा एक थेंबथेंब आवाज जवळून जातांना ऐकूं येतो, एक मिणमिणता दिवा पाण्यावरून सरकत जातो, आणि कोणी तरी कामावर आहे एवढ्या जाणिवेनें त्यांना पुन्हां झोप लागते.

सकाळीं सहाच्या सुमारास मुलगी वही घेऊन नौकेच्या पुढच्या टोकाशीं बसलेली असते. पाणी राखाडी असतें, त्यावर धुकें. समोरच्या होडींत एक माणूस वांकून जाळें ओढीत असतो. एकेक मासा सोडवून तो टोपलींत टाकतो आणि रिकामें झालेलें जाळें घडी घालून मागें ठेवतो. त्याला कसलीही घाई नसते. न्याहारी झाल्यावर सारंग नारळाच्या बुंध्याचे दोर सोडतो, पण यंत्र लगेच सुरू करीत नाहीं. लांब बांबूनें रेटून तो नौका बांधापासून दूर करतो व होडीकडे पाहात उभा राहतो. जाळ्याचें शेवटचें टोंक पाण्याबाहेर आलें कीं होडींतील माणूस हात वर करतो. मग यंत्र सुरू होतें.